शेवटचा चौक

आमचा धंदा कर्ण्याचा. मंचरला वडिलांनी दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि एक बॅटरी एवढ्यावर तो सुरू केला. लग्नं, हरिनाम सप्ताह, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. यात्रा म्हटली की तमाशा आलाच. म्हणून मी तमाशा कायम बाजूनं पाहिला, बोर्डाच्या डाव्या अंगाला, ॲम्प्लीच्या खोक्यावर बसून. समोर बसणाऱ्याला नाचणारी बाई दिसते. मला तिच्या मानेच्या शिरा दिसायच्या, आणि ढोलकीवाल्याचा घामेजलेला हात.

‘पोटासाठी नाचते मी’ हे गाणं आमच्या जुन्नर-आंबेगावात विठाबाईंचं. म्हटलं पुष्कळजणींनी, पण मालकी विठाबाईंची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरात जन्म, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड नारायणगावचा. बोर्डावर असतानाच कळा सुरू झाल्या, आडोशाला जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत उभ्या राहिल्या, ही गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. राष्ट्रपतींचं पदक मिळालं तेही ठाऊक असतं. गळ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी कर्णेवाला, मला गळ्याबद्दलच बोलायचंय.

माइक नव्हता तेव्हा तमाशा गॅसबत्तीवर चालायचा. शेताच्या बांधावर बसलेल्या शेवटच्या गड्यापर्यंत शब्द पोचवायचा तर सूर चढाच धरावा लागे आणि शब्द चटकन तोडावा लागे. ओढत बसलं तर तो वाऱ्यावर जायचा. तोडलेल्या शब्दाचं शेपूट मागचे झीलकरी उचलायचे आणि पुढं फेकायचे. तोवर बाईला श्वास मिळायचा. झील ही नुसती शोभा नव्हती, तोच त्या काळचा कर्णा. विठाबाईंची पिढी या शाळेत तयार झाली. पुढं आमच्यासारख्यांचे माइक आले, पण गळ्याची सवय जाते थोडीच! वडील सांगायचे, जुन्या बाया गायला लागल्या की आवाजाचं बटण आधीच खाली ओढून ठेवायचं, नाहीतर कर्ण्याचा पडदा फाटतो.

काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजूला एका यात्रेत नव्या फडातल्या एका पोरीनं हेच गाणं घेतलं. ढोलकी होती, पण तिच्यावर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. पोरगी सुरात होती, गोड होती, पायात कामही होतं. पण गाण्यातली बाई पुढच्या रांगेतल्या पाव्हण्याला लाज धरायला सांगतेय. पोटासाठी नाचते, पर्वा नाही कुणाची, असं ती बजावतेय. इथं मात्र ते ऐकून पाव्हणाच शिट्ट्या मारत होता. रागातलं गाणं लाडात आलं होतं.

दोष पोरीचा नव्हता. तिनं शब्द तोडायचा प्रयत्न केला, पण तो तुटेना. तिच्या तोंडून निघालेला शब्द आणखी तीनदा घुमत राहायचा, आणि दटावणी अशी घुमायला लागली की तिची लाडीगोडी होते. तो इको मी लावला होता. मॅनेजरनं येऊन सांगितलं, “दादा, जरा जास्त सोडा,” आणि मी सोडला.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. भाच्यानं एकदा अमेरिकेतलं ‘रिस्पेक्ट’ ऐकवलं. १९६५ साली ओटिस रेडिंग यांनी केलेलं, दमून घरी आलेला पुरुष बायकोकडं मान मागतोय. दोन वर्षांनी ते अरीथा फ्रँकलिन यांनी गायलं आणि मान मागणारी बाईच झाली. अरीथाचे वडील चर्चमधले धर्मोपदेशक, गळा तिथल्या भजनात तापलेला. आज ते गाणं ओटिसचं म्हणून कुणाला आठवत नाही. घेतलेलं गाणं असं वाढतंही. आमच्याकडंही उसनवारी दोन्ही बाजूंनी चालते. फडातला ठेका सिनेमानं नेला. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नं पुण्यात विजयानंद टॉकीज सव्वाशे आठवड्यांच्या वर धरून ठेवलं. आणि २०१० साली ‘नटरंग’ आला, तशी ‘वाजले की बारा’ची फर्माईश फडाफडांत सुरू झाली. परवानगी कुणी कुणाला विचारली नाही. तमाशात तशी रीतच नाही.

रीत होती ती वेगळीच. शाहीर लावणीच्या शेवटच्या चौकात, म्हणजे कडव्यात, स्वतःचं नाव गुंफायचा. होनाजी बाळानं गुंफलं, १९४५ साली गेलेल्या पठ्ठे बापूरावांनीही गुंफलं. लावणी कुठल्याही फडानं उचलावी, कुणीही गावी, पण शेवटी शाहिराचं नाव गाणाऱ्याच्या तोंडून निघणारच. आता रंगबाजीत, म्हणजे तमाशातल्या नाचगाण्याच्या भागात, एका गाण्याला वेळ किती? मुखडा, एक अंतरा, की पुढचं गाणं. शेवटच्या चौकापर्यंत कुणी पोचतच नाही. नाव कुणी खोडलं नाही, ते वेळेअभावी गळालं.

विठाबाई १५ जानेवारी २००२ला गेल्या. शेवटच्या आजारपणात दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीवर भागलं. २००६पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या अजून लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, चहावर चहा होतो आणि आकड्यावरून घासाघीस होते.

तुम्ही पंचांत असाल तर सुपारी देताना एक अट घाला: एक तरी लावणी शेवटच्या चौकापर्यंत, आणि तेवढ्यापुरता इको बंद. कर्णेवाला कुरकुर करील. त्याचं ऐकू नका.