लंडनहून आलेली पट्टी आणि पेन्सिल

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांतली मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला तेथे भूमितीही असते. चित्रकलेत कंपास कशाला, असा प्रश्न मुलांना पडणे साहजिकच आहे. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये सापडते.

इंग्लंडचा कारखानदारी माल नक्षीकामात फ्रान्सच्या मागे पडतो, या चिंतेतून तेथे 1837 मध्ये सरकारी कलाशाळा निघाली. पुढे साउथ केन्सिंग्टनमध्ये तिचा काटेकोर अभ्यासक्रम घडला. आधी सरळ रेषा व भूमिती, मग नमुन्यावरून नक्कल आणि त्यानंतर मानवी आकृती. चित्रकारापेक्षा कुशल कारागीर घडविणे हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1870 मध्ये रेखाकलेच्या शिक्षणाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी याच परंपरेतील वॉल्टर स्मिथ यांना इंग्लंडहून बॉस्टनला बोलाविले. मुंबईत तर ही पद्धत त्याआधीच पोहोचली होती. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये निघालेल्या कलाशाळेत 1865 साली लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले.

फरक एवढाच, की बॉस्टनला स्वतःची प्राचीन चित्रपरंपरा पुसली जाण्याचे भय नव्हते. आपल्याकडे अजिंठा होता! ग्रिफिथ्स यांना मात्र न्याय दिला पाहिजे. 1872 पासून 1885 पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतील पुष्कळशा 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ज्या हातांना परक्या नमुन्यांची नक्कल शिकविली, त्याच हातांनी आपल्या पूर्वजांची रेषाही गिरविली, हे विसरता येत नाही.

आपल्या समाजापुरते बोलायचे, तर या शाळेची दोन फळे परस्परविरोधी आहेत. गोव्याचे अँटोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) तेथेच शिकले, तेथेच शिक्षक झाले. युरोपीय तैलचित्रणावर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळविले. गोव्याचेच आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांचे मन मात्र तेथे रमले नाही. ते शांतिनिकेतनला गेले आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांना आपली वाट गवसली. साडी नेसलेली, सावळी मरियामाता त्यांनी रंगविली, तेव्हा गोव्यातील कित्येक भाविकांना ते रुचले नाही. युरोपीय चेहऱ्यालाच आपण पावित्र्य मानू लागलो होतो. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात चित्रे काढीत राहिले.