झोपेची गोळी सुरू करण्याआधी अंथरुणाची वेळ बदला, ज्येष्ठांसाठी माहिती

हबीबगंज (भोपाळ) : स्टेशनचं नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून हबीबगंजच आहे. इथल्या मराठी घरांत काय किंवा बैतूल, बऱ्हाणपूर, नागपूरकडे काय, एक तक्रार सारखीच ऐकू येते: आजोबांना रात्री झोप नाही. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून अर्धी गोळी सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालते.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप येते, पण म्हातारपणी त्यांचा अंमल शरीरात जास्त वेळ राहतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, विसराळूपणा वाढतो. २०१४ पासून ही गोळी एच-१ यादीत आहे. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराला तिची वेगळी नोंद ठेवावी लागते. मात्र जुनी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

गोळीआधीचा उपचार म्हणजे सवयी बदलणं. त्याला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सर्व प्रौढांसाठी हाच पहिला उपचार सांगितला. त्यात बोलणं, समजावणं येतंच, पण खरं काम अंथरुणाच्या हिशेबाचं आहे.

समजा आजी रात्री ९ ला आडव्या होतात आणि सकाळी ६ ला उठतात. म्हणजे अंथरुणात ९ तास, पण झोप जेमतेम साडेपाच. भांडवल जास्त, उलाढाल कमी! अशा वेळी आपण सांगतो, ‘जरा लवकर पडा.’ उपचार नेमका उलटा आहे. आठवडाभर वहीत वेळा लिहायच्या, खरी झोप काढायची, त्यात अर्धा तास मिळवायचा आणि अंथरुणातला वेळ तेवढाच ठेवायचा. म्हणजे इथे ६ तास: रात्री १२ ते सकाळी ६. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त झोप लागायला लागली की आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येते, चिडचिड होते. बरेच लोक इथेच सोडून देतात, म्हणून घरच्यांनी साथ द्यायला हवी. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी आणि वारंवार पडणाऱ्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. अशक्त माणसाचा वेळ थोडा थोडा कमी करतात.

दुसरा नियम १९७० च्या दशकापासूनचा: वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेर बसायचं, झोप आली की परत जायचं. अंथरुणात टीव्ही नाही, मोबाइल नाही, जपाची माळसुद्धा खुर्चीत. घड्याळ नजरेआड ठेवा. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासाची. चारनंतर चहा नको (हे सांगणं सोपं, पाळणं अवघड).

एवढ्याने फरक पडतो का? पिट्सबर्ग विद्यापीठाने २०११ मध्ये ७९ ज्येष्ठांवर अभ्यास केला. एका नर्सने दोनदा समोर भेटून आणि दोनदा फोनवर हे शिकवलं. महिनाभराने त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांचा निद्रानाश उरला नव्हता. नुसती छापील माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं.

हबीबगंजहून साकेतनगरचं एम्स जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. गावाकडून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, पायांत वळवळ, मनावर सतत मळभ असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्या. जाताना झोपेची वही आणि सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. बीपीसाठीची लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर तेही सांगा. कधी कधी तेवढी वेळ बदलली तरी रात्रीचं उठणं कमी होतं.