न्यायासनाची पात्रता

देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर ज्यास बसवावयाचें, त्याची योग्यता कोणत्या मापानें मोजावी? राज्यघटनेचें माप आंखूड आहे. १२४ व्या कलमाप्रमाणें भारतीय नागरिकानें पांच वर्षें उच्च न्यायालयाचें न्यायाधीशपद किंवा दहा वर्षें तेथील वकिली केलेली असावी, अथवा राष्ट्रपतींच्या मतें तो विख्यात विधिज्ञ असावा. एवढ्या अटी पुऱ्या करणारे शेंकडों सांपडतील. त्यांतून निवड कशी करावी, हें आम्हांस ठाण्याच्या एका वकिलाच्या चरित्रावरून उमगतें.

श्री. अभय ओक यांनीं १९८३ सालीं ठाण्याच्या जिल्हा न्यायालयांत वडिलांच्या हाताखालीं वकिलीस आरंभ केला. २००३ सालीं ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व २०१९ सालीं कर्नाटकाचे मुख्य न्यायाधीश. ऑगस्ट २०२१ मध्यें न्यायवृंदानें त्यांचें नांव सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविलें आणि ३१ तारखेस त्यांचा शपथविधि झाला. परंतु त्यांची खरी परीक्षा, आमच्या मतें, २०१७ सालींच होऊन गेली होती.

त्या वर्षीं ध्वनिप्रदूषणाचें प्रकरण त्यांच्यापुढें चाललें होतें. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालच्या १०० मीटरांत शांतता पाळावयाची कीं नाहीं, हा वाद. आणि गणेशोत्सव तोंडावर आलेला. अशा वेळीं राज्य सरकारनें त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. न्यायमूर्तींनीं आपण होऊन अंग काढून घेतलें नाहीं. मुख्य न्यायाधीशांनीं तें प्रकरण दुसरीकडे सोपवितांच वकीलवर्ग खवळला. थोड्याच दिवसांत तो हुकूम मागें घेण्यांत आला, श्री. ओक ज्यांत होते असें तिघांचें पीठ नेमलें गेलें, आणि सरकारास क्षमा मागावी लागली.

सरकारशीं भांडणें हीच का पात्रता, असें कोणी विचारील. तसें मुळींच नाहीं. येथें एका बाजूस सत्ता व उत्सवाचा उत्साह होता. दुसऱ्या बाजूस खाटेवरचा रोगी, ज्याचा आवाज कोठेंच पोंचत नाहीं. दोघांस एकच कायदा लावणें, हें न्यायाधीशाचें काम. महादेव गोविंद रानडे यांजवरही १८७९ सालीं सरकारची वक्रदृष्टि होऊन त्यांची धुळ्यास बदली झाली होती. तरी १८९३ सालीं, तेलंगांच्या मृत्यूनंतर, मुंबईच्या उच्च न्यायालयावर त्यांचीच नेमणूक झाली.

श्री. ओक २४ मे २०२५ रोजीं निवृत्त झाले. यापुढें ज्यांचीं नांवें सुचविलीं जातील, त्यांच्या पदव्या व सेवेचीं वर्षें पाहावींतच. पण सत्तेचा रोष ओढवला असतां त्यांनीं काय केलें, हें आधीं पाहावें, अशी आमची विनंति आहे.