जखमेनंतरची तालीम

सोलापूरच्या तालमींचा इतिहास धुंडाळताना मला धडधाकट पैलवानांचीच नावे भेटली. जायबंदी झालेला गडी आखाड्यातून गेला की आठवणींतूनही जातो. म्हणून शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर महत्त्वाचे वाटतात. लष्करातले हे मुष्टियोद्धे १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहू लागले. खेळाने मणक्याच्या रुग्णाचे शरीरच नव्हे, आत्मसन्मानही सावरतो, हे डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला १९४८ साली स्पर्धा भरवून दाखवले होते. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, ४६ वर्षांनी. तालमींचा इतिहास लिहिताना पडून पुन्हा उठलेल्यांचेही पान त्यात हवे.