समतोल आहे, हे सिद्ध कसे करायचे?

अर्थशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याला गणित लागते, हे सर्वश्रुत आहे. कोणते गणित लागते, याची कल्पना मात्र अनेकांना प्रवेशानंतरच येते. पदवीपर्यंत विकलन करून कमाल-किमान मूल्ये काढता आली की भागते. पुढे मात्र उत्तर काढण्याआधी ते अस्तित्वात आहे, हेच सिद्ध करावे लागते.

या वळणाचे मूळ लिऑं वालरास यांच्या १८७४च्या ग्रंथात आहे. सर्व बाजारपेठांत एकाच वेळी मागणी व पुरवठा जुळवणाऱ्या किमती असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आधार एवढाच, की जितकी समीकरणे तितकीच अज्ञात पदे. हा आधार तकलादू होता. दोन संख्यांची बेरीज १० आणि त्याच संख्यांची बेरीज १२, अशीही दोन समीकरणे मांडता येतात. अज्ञाते दोनच, पण उत्तर नाही.

ही उणीव व्यापक स्वरूपात भरून निघाली ती १९५४मध्ये, केनेथ ॲरो व जेरार्ड डेब्रू यांच्या सिद्धतेने. त्यांचे साधन होते स्थिरबिंदू प्रमेय. तबकडी स्वतःभोवती फिरवली, तरी मध्यबिंदू जागचा हलत नाही. ब्राउअर यांचे प्रमेय सांगते, की तबकडी फिरवा, दाबा वा ताणा. ती न फाटता मूळ जागेतच मावली, तर एक तरी बिंदू स्थिर राहतोच. बांगडी मात्र अर्धी फिरवली, तर तिचा एकही बिंदू जागेवर राहत नाही. संचाचा आकार, त्याच्या कडा, फलाचे सातत्य या रूक्ष वाटणाऱ्या अटींचे मोल येथे कळते. मागणी अधिक तेथे किंमत वाढवावी, या नियमाने किमती बदलल्या, तर ज्या किमती हलत नाहीत त्याच समतोलाच्या. एकाच किमतीला ग्राहकाला अनेक पर्याय सारखेच पसंत असू शकतात. म्हणून शिझुओ काकुतानी यांनी १९४१मध्ये दिलेले अधिक व्यापक रूप लागते. जॉन नॅश यांनी १९५०मध्ये खेळ सिद्धांतात तेच वापरले.

यासाठी वास्तव विश्लेषण हा विषय आधी शिकलेला बरा. त्यात आकडेमोड थोडी, सिद्धता लिहिण्याचा सराव फार. आणि उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थीही अडखळतात ते येथेच. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पहिल्या वर्षाआधी गणिताची शिबिरे घेतात. काही आठवड्यांत सूत्रांची उजळणी होते, सिद्धतेची सवय क्वचितच लागते.

समतोल आहे म्हणजे तो एकच आहे, असे नव्हे. सोननशाईन, मँटेल व खुद्द डेब्रू यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की नेहमीच्या गृहीतांवरून समतोल एकमेव वा स्थिर असल्याची हमी मिळत नाही.