साखरेआडचा ज्येष्ठमध

कविसंमेलनाला निघताना अम्मी माझ्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवायची. 'गालात धर, चावू नको,' म्हणायची. आमच्या हकीमसाहेबांच्या चिठ्ठीत तिचं नाव असलुस्सूस, तर वैद्यांच्या तोंडी यष्टिमधू. अम्मी गेली, पण पन्नाशी उलटली तरी माझी सवय सुटली नाही.

म्हणूनच भाच्यानं अमेरिकेहून आणलेली 'गुड अँड प्लेन्टी'ची गोळी तोंडात टाकली आणि मी चकित झालो. दिसायला औषधाच्या कॅप्सूलसारखी, गुलाबी-पांढरी. साखरेचं कवच कुडकन फुटलं आणि आतून काळी, चिवट, ओळखीची चव आली! फिलाडेल्फियाच्या क्वेकर सिटी कन्फेक्शनरी कंपनीनं १८९३ साली आणलेला हा खाऊ.

तिकडे हे मूळ मिठाईत शिरलं ते औषधाच्या दारातून. इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात पॉन्टिफ्रॅक्ट नावाचं गाव आहे. तिथे ज्येष्ठमधाची शेती होती आणि त्याचा काळा अर्क खोकल्यावर, पोटदुखीवर देत. १७६० साली जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्यानं त्यात साखर घातली आणि औषधाचा खाऊ झाला, असं सांगतात. वर साखरेचा थर चढवण्याची कला त्याहूनही जुनी. मध्ययुगात युरोपातले औषधविक्रेते बडीशेप, धणे साखरेनं मढवून पचनासाठी विकत. ही साखर तिकडे नेली अरबांनी. 'कँडी' हा शब्दसुद्धा आपल्या 'खंड'चा फारसी 'कंद' होऊन तिथवर पोचलेला.

रीत आपल्याला परकी नाही. संक्रांतीआधी आमच्या शेजारच्या काकू शेगडीवर परात ठेवून तीळ हलवत बसत. थेंबभर पाक, मग हात फिरवायचा, मग पुन्हा थेंब. बोटांना चटके बसत, तेव्हा कुठे हलव्यावर काटा फुलायचा. कारखान्यातल्या गोळीला गुळगुळीतपणा हवा, म्हणून तिथे फिरती कढई.

पण साखर चढली म्हणून मूळ बदलत नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन अंगातलं पोटॅशियम कमी करतं, रक्तदाब वाढवतं. चाळिशीपुढच्या माणसानं रोज दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, काळी लिकोरिस मिठाई दोन आठवडे खाल्ली, तर हृदयाचे ठोके बिघडून इस्पितळ गाठावं लागू शकतं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली बजावलं. हकीमसाहेब मोजून देत. खाऊ म्हटलं की मोजतो कोण?

मी तरी कुठे मोजत होतो! गोळ्या घेऊनही माझा रक्तदाब उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, 'आणखी कुठलं औषध घेता?'

'काहीच नाही,' मी म्हणालो. कांडी तेव्हाही गालात होती.