बडोद्याच्या कलाशाळेतील एक नकार

बडोदे महाराष्ट्राच्या नकाशात कधीच नव्हते. तरीपण बडोद्याचे नाव निघाले म्हणजे परगावची हकीकत चालली आहे, असे मराठी माणसास वाटत नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे करवून घेतली आणि ती राजवाड्यात लागण्यापूर्वी सामान्य लोकांनाही पाहावयास मिळाली. १८९० साली तेथे कलाभवन निघाले. आमचे दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर शिकण्यासाठी गेले ते तेथेच. पुढे १९४९ साली सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ झाले, हंसाबाई मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि १९५० साली त्या विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला. चित्रकलेचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीस जोडावे, चित्रकाराने इतिहास आणि सौंदर्यशास्त्रही वाचावे, ही त्या काळी आपल्याकडे नवीनच गोष्ट होती. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत, शंखो चौधरी शिल्पकला शिकवीत, आणि थोड्याच दिवसांत के. जी. सुब्रमण्यन् येऊन मिळाले. गुरूची नक्कल न करता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकविणारी शाळा, असा तिचा लौकिक झाला.

ह्या शाळेची एक रीत ध्यानात घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळावयाची नाही. वर्षअखेरीस तेथील विद्यार्थी आपापली कामे भिंतींवर, ओट्यांवर, अंगणात मांडतात आणि परीक्षक हिंडून ती पाहतात. बाहेरचे रसिकही येऊन जातात हे खरे. पण मुळात ती परीक्षा आहे. गणिताच्या मुलाची जशी उत्तरपत्रिका, तशी चित्रकलेच्या मुलाची ही भिंत. तिच्यावर चुकलेले असते, अर्धवट असते, थोरामोठ्यांची उसनवारी असते, आणि विशीतल्या मुलाने जाणूनबुजून केलेला आडदांडपणाही असतो. त्यातले काय ठेवावे नि काय टाकावे हे त्याला सांगणे, ह्याचाच शिक्षकाला पगार मिळतो.

९ मे २००७ रोजी ही मांडणी चालू असताना शहरातील एका हिंदुत्ववादी पुढाऱ्यासह काही मंडळी आवारात शिरली. मुद्राचित्रणाच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या चंद्रमोहन नावाच्या विद्यार्थ्याची चित्रे त्यांना आक्षेपार्ह वाटली. एका चित्रात देवीसारखी आयुधे धारण केलेली स्त्री प्रसूत होताना दाखविली होती; दुसऱ्या एका कामात क्रूस होता, त्यामुळे ख्रिस्ती धर्मोपदेशकाकडूनही तक्रार झाली. पोलीस आले आणि त्या विद्यार्थ्याला पकडून घेऊन गेले. धर्माधर्मांत वैर वाढविणे आणि धार्मिक भावना दुखविणे, ह्यांविषयीची कलमे त्याच्यावर लागली. आंध्र प्रदेशातून शिकावयास आलेला तो मुलगा परीक्षेच्या दालनातून थेट कोठडीत गेला.

त्या वेळी विभागाचे प्रभारी अधिष्ठाते होते प्रा. शिवाजी पणिक्कर. ते कलेचा इतिहास शिकवीत. विद्यापीठाने आवारात घुसणाऱ्यांविरुद्ध फिर्याद द्यावी आणि आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी त्यांची मागणी होती. विद्यापीठाने यांपैकी काहीच केले नाही. उलट त्यांनीच क्षमा मागावी, असा सूर निघू लागला.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हे पणिक्कर म्हणजे देवीमूर्तींविषयी अडाणी असलेले कोणी आधुनिक गृहस्थ नव्हते. सप्तमातृकांची उपासना आणि त्यांची शिल्पे ह्या विषयावर त्यांचा ग्रंथ १९९७ सालीच प्रसिद्ध झालेला होता. प्रसूत होणारी देवी पाहून जे संतापले, त्यांच्यापेक्षा ह्या देशातल्या माता-देवतांची ओळख पणिक्करांना अधिक होती, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात तरी ह्या कल्पनेने कोणी दचकण्याचे कारण नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांचे ‘लज्जागौरी’ १९७८ साली आले. प्रसववेणांच्या आसनात बसलेली, मस्तकाच्या जागी कमळ असलेली ती देवी दख्खनच्या मातीतून ठिकठिकाणी सापडली आहे. आमच्या तेरलाही तिच्या लहान मूर्ती मिळाल्या. बायका मूल व्हावे म्हणून तिला कुंकू लावीत आल्या. आपल्या डोळ्यांसमोर देवीचे जे रूप आज उभे राहते ते पुष्कळ अंशी रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घडविलेले आहे, आणि रविवर्म्याने ते हाडामांसाच्या स्त्रिया समोर बसवून काढले होते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या चित्राला सनातन म्हणावयाचे आणि हजार-दीड हजार वर्षांच्या मूर्तीला विसरावयाचे, हा प्रकार आम्हांला मोठा चमत्कारिक वाटतो.

ह्याचा अर्थ चंद्रमोहनची चित्रे थोर होती, असा नाही. त्यांतले काही कोणाला खरोखरच भडक वाटले असेल, आणि एखाद्या भाविकाचे मन दुखावले असेल तर त्याच्या दुःखाची थट्टा करण्याचे आम्हांस कारण नाही. पण उत्तर चुकले म्हणून उत्तरपत्रिका पोलिसांनी जप्त करावी, असे कोणत्याही शाळेत चालत नाही.

विद्यार्थ्यांनी ह्यावर जे केले ते त्यांच्या शाळेला शोभणारेच होते. दगडफेक नाही, की जाळपोळ नाही. कलेतिहास विभागाच्या संग्रहात भारतीय शिल्पांची आणि चित्रांची असंख्य छायाचित्रे होती. त्यांतून शृंगाराची आणि नग्नतेची परंपरा दाखविणाऱ्या प्रतिमा निवडून त्यांनी ११ मे रोजी आवारातच एक प्रदर्शन मांडले. ज्याने मोढेऱ्याचे सूर्यमंदिर किंवा खजुराहो पाहिले आहे, त्याला त्यात नवे काहीच दिसले नसते. तथापि वर्गात वर्षानुवर्षे शिकविलेली हीच चित्रे भिंतीवर आली, तेव्हा विद्यापीठाच्या वरिष्ठांना ती सोसवेनात. प्रदर्शन ताबडतोब बंद करा, असा हुकूम अधिष्ठात्यांना झाला.

पणिक्करांनी नकार दिला.

ह्या नकाराची किंमत त्यांना ठाऊक नव्हती, असे समजू नये. दुसऱ्या कोणाला सांगून प्रदर्शन उतरविता आले असते. आजारपणाची रजा घेता आली असती. “वरून आदेश आहे” असे विद्यार्थ्यांना सांगून हळहळ व्यक्त करता आली असती. आपल्याकडील संस्थांत अशा वेळी बहुधा हेच होते, आणि ते करणारांना आपण समजूतदार म्हणतो. वर्गात जे प्रमाण म्हणून शिकविले, ते वर्गाबाहेर आपल्याच हाताने झाकावयास पणिक्कर तयार झाले नाहीत. त्याच दिवशी ते निलंबित झाले. छायाचित्रांच्या ज्या संग्रहातून प्रदर्शन उभे राहिले होते, त्याच्या दालनाला सील ठोकण्यात आले. १४ मे रोजी देशात अनेक शहरांत चित्रकार आणि शिक्षक निषेधासाठी जमले. चंद्रमोहन जामिनावर सुटला; पणिक्करांचे निलंबन मात्र लवकर उठले नाही.

मुंबईची एक जुनी हकीकत ह्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९५४ साली जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांनी प्रदर्शन भरविले, तेव्हा प्रेमी युगुलाची दोन चित्रे उतरवा असे पोलिसांनी बजाविले. पदमसींनी ऐकले नाही. खटला झाला, दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष सोडले आणि उच्च न्यायालयातही तो निर्णय कायम राहिला. मात्र पदमसी स्वतंत्र चित्रकार होते. आपल्या चित्राची जोखीम त्यांची त्यांनी घेतली. बडोद्यात चित्र विद्यार्थ्याचे होते आणि जोखीम शिक्षकाने घेतली. पदमसींच्या विरुद्ध सरकार उभे होते, पणिक्करांच्या विरुद्ध त्यांचेच विद्यापीठ. पहिल्या प्रकारात न्यायालयाचा दरवाजा तरी समोर दिसतो. दुसऱ्यात चौकशी-समिती, खुलासा, पुन्हा चौकशी, अशी वर्षे जातात आणि निकाल असा लागतच नाही.

पणिक्कर पुढे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात शिकवावयास गेले. बडोद्याच्या त्याच विभागात मे २०२२ मध्ये पुन्हा वार्षिक मांडणीच्या वेळीच वादळ उठले. स्त्रियांवरील अत्याचारांच्या बातम्यांची कात्रणे वापरून एका विद्यार्थ्याने देवतांच्या आकृती केल्या होत्या. त्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकले.

आणि चंद्रमोहन? फेब्रुवारी २०१८ मध्ये तो विद्यापीठाच्या मुख्य कचेरीत गेला. अकरा वर्षे झाली तरी आपल्याला पदवी मिळालेली नाही, ही त्याची तक्रार होती. त्या दिवशी त्याने कुलगुरूंच्या कचेरीला आग लावली, आणि पोलिसांनी त्याला दुसऱ्यांदा अटक केली.